नमुन्याचा चौथा भाग

अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ गणला आहे. उत्तम मालात हलका माल मिसळून तो उत्तमाच्या नावाने विकणे, हा त्याचा अर्थ. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळणारा याच दोषाचा धनी होय. परंतु आलेले पोते जसेच्या तसे विकणाऱ्या सचोटीच्या दुकानदारावरही कधी बालंट येते. त्याने कायद्यातील आपले संरक्षण जाणून घ्यावे.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात नमुन्याचे तीन भाग होत; त्यांतील एक प्रारंभीच्या काळी विक्रेत्याच्या हाती मिळे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात. चौथा मात्र व्यापाऱ्याने मागणी केली तरच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो, आणि तपासणीच्या गडबडीत नेमके हेच भान सुटते! दोन्ही अहवालांत तफावत पडल्यास राखीव भाग रेफरल प्रयोगशाळेकडे जातो व तिचा निर्णय अंतिम असतो. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपीलही करता येते.

घाऊक पेढीकडे मालाची लेखी हमी मागताना आपल्याला संकोच वाटतो, पिढ्यांचा घरोबा आड येतो. वास्तविक ती देण्याचे बंधन कायद्यानेच त्या पेढीवर घातले आहे.