नळीतला थर आणि नळी साफ करणारे हात

आंघोळीचे पाणी तापविणारा तांब्याचा बंब आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, तरी नळीच्या पत्र्यातून उष्णता पाण्यात उतरते. कारखान्यात आणि वीज केंद्रात हेच काम ‘हीट एक्स्चेंजर’ करतो. एका मोठ्या टाकीत शेकडो नळ्या असतात. नळ्यांतून एक द्रव वाहतो, बाहेरून दुसरा.

१८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून पाहिली. पाणी संथ असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढताच ती मोडून रंग सगळीकडे पसरला. संथ प्रवाहात नळीलगतचे पाणी तापते, मधले थंडच राहते. घुसळण झाली की सारे पाणी आळीपाळीने भिंतीला लागते. मग वेग वाढवीतच का नेऊ नये? कारण घुसळत्या प्रवाहाचा वेग दुप्पट केला, तर पाण्याची उष्णता घेण्याची क्षमता जेमतेम पावणेदोन पट होते. पंपाला मात्र सहा-सात पट शक्ती लागते.

खरा शत्रू आहे क्षारांचा पांढरा थर. ढोबळ मानाने, एक मिलिमीटर थर उष्णतेला दोन सेंटिमीटर जाडीच्या पोलादाइतका अडवतो. बॉयलरच्या नळीत असा थर साचला, तर पाणी नळीला थंड ठेवू शकत नाही. धातू तापून फुगतो आणि नळी फुटते. मग जवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेतते.

म्हणून नळ्या साफ कराव्याच लागतात. हे काम पुष्कळदा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येते. जोरदार दाबाच्या पाण्याची धार हातमोजा आणि कातडी दोन्ही चिरून आत शिरते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे.

बंधूंनो, भगिनींनो, हे काम हलके नाही. ते कसबाचे आहे. व्हॉल्व बंद करून कुलूप लावले काय, आतला दाब उतरवला काय, हवा तपासली काय, बाहेर साथीदार उभा आहे काय, एवढे विचारल्याखेरीज कोणी आत उतरू नये. आयटीआयत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हे चार प्रश्न पाठ असावेत, असे आम्हांस वाटते.