जुनी पद्मिनी सकाळी का रुसते?

आमच्या घरी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या पावसाळ्यात ती सकाळी सुरू होईना. चोक ओढून सात-आठ वेळा सेल्फ मारावा तेव्हा कुठे इंजिन जागे होई. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की असे थडथडे, की दरवाजांच्या काचा वाजत. एका मिस्त्रीने बॉनेट उघडले, कान लावला आणि निकाल दिला, ‘‘रिंग-पिस्टन गेले. इंजिन खोलावे लागेल.’’ खर्चाचा आकडा ऐकून अण्णा गाडी भंगारात द्यायला निघाले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पद्मिनीचे इंजिन साधे. चार सिलिंडर, 1089 सीसी, संगणक-बिंगणक काही नाही. त्याला तीनच गोष्टी लागतात: सिलिंडरमध्ये दाब, वेळेवर ठिणगी आणि हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण. यांतले काय कमी आहे, हे इंजिनलाच विचारता येते.

इंजिन हळू चालू ठेवून, जाड रबरी मोजे घालून, मी एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. एखादी वायर काढूनही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच निकामी समजावा. इथे मात्र चारही वेळा इंजिन सारखेच खाली बसले. म्हणजे एकच कोणी आजारी नव्हता; चौघांनाही सारखीच बाधा होती. रिंगा चारही सिलिंडरांत सारख्या झिजू शकतात, म्हणून दाबाचा गेज मागून आणला. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे! भंगारवाला तेवढ्यावर टळला.

मग ठिणगी. पॉईंट घासून त्यांची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवली. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली तर आत दव. बेळगावच्या जुलैत कपडे वाळत नाहीत, तिथे टोपी कोरडी कशी राहणार? ओलाव्यावरून वीज भलतीकडेच पळते. टोपी पुसून वाळवल्यावर गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू होऊ लागली. थडथड मात्र कायम.

खरा धागा चोकने दिला. इंजिन तापलेले असताना चोक अर्धा ओढला आणि थडथड थांबली! चोक हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. याचाच अर्थ एरवी पेट्रोल कमी पडत होते किंवा हवा जास्त शिरत होती. स्लो जेट काढून फुंकला, फरक नाही. राहिली चोरटी हवा. इंजिन हळू चालताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि तिच्याखाली ओढ जबर असते. तेव्हा बारीकशा फटीतून येणारी हवाही प्रमाणाने मोठी ठरते. वेगात तीच फट जाणवत नाही. म्हणून तर रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी धावत होती.

तेलाच्या कुपीने कार्बुरेटरच्या बुडाभोवती थेंब-थेंब इंजिन ऑईल सोडले. (पेट्रोल सोडू नका, एका ठिणगीत सगळे खलास.) मागच्या बाजूला तेल आत ओढले गेले आणि काही क्षण इंजिन संथ झाले. कार्बुरेटर काढून काचेवर ठेवला तर बूड वाकलेले! गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे नट आवळले गेले आणि त्या आवळण्यानेच फट पडली. काचेवर पॉलिश पेपर पसरून बूड घासून सपाट केले, नवे पॅकिंग घातले.

यात आपल्या उसाचाही थोडा हात आहे. एक किलो निव्वळ पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा पुरते. जुना जेट मात्र पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो. मिश्रण आधीच पातळ, त्यात ही फट. म्हणून स्लोचा स्क्रू मी किंचित सैल ठेवला आहे.

परवा वंटमुरी घाट उतरून निपाणीपर्यंत जाऊन आलो. संकेश्वरला चहा होईपर्यंत इंजिन मुद्दाम चालूच ठेवले होते. अण्णा मधूनमधून उठून बॉनेटला कान लावत होते. थ्रॉटलचा दांडा जरा हलतो आहे, त्याचे बुश दिवाळीच्या सुटीत बदलायचे आहे.