साखरखाऊ धमन्या

बारीक ताप हटत नाही, वजन उतरतंय, ईएसआर चढलेला. दाह आहे हे रक्त सांगतं. कुठे आहे ते सांगत नाही. महाधमनी छातीत इतकी खोल असते की तिच्या भिंतीची सूज हाताला लागत नाही. तिचा ठावठिकाणा सांगते साखर!

दाहाच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज पेशी ग्लुकोजवर तुटून पडतात. पेट स्कॅनमध्ये त्यांच्यापुढे एफडीजी नावाची तोतया साखर ठेवली जाते. दिसायला ग्लुकोजसारखीच, फक्त तिला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. पेशी ती आत घेतात, पचवायला सुरुवातही करतात. पण पहिल्याच पायरीवर गाडी अडते आणि साखर आतच अडकून बसते. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना धावतात. रुग्णाभोवतीचं कडं ही जोडगोळी टिपतं, आणि सुजलेली धमनी पडद्यावर उजळून निघते.

या साखरेला साठवून ठेवायची सोय नाही. दर ११० मिनिटांनी तिची किरणोत्सारिता निम्मी होते, म्हणून फ्लोरिन-१८ बनवणारा सायक्लोट्रॉन आणि रुग्ण यांच्यात फार अंतर चालत नाही. माणसाला ती पहिल्यांदा टोचली गेली १९७६ मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. भारतात पेट स्कॅनची सुरुवात झाली ती आपल्या परळला! भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र दोन्ही सुरू झाली.

टोपी आणि नाडी

मोठ्या धमन्यांच्या दाहाचे मुख्य आजार दोन. पन्नाशीनंतर होणारा जायंट सेल आर्टरायटिस कानशिलाच्या धमनीला धरतो: डोकं ठणकतं, घास चावताना जबडा दुखतो, दृष्टी अचानक जाऊ शकते. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८९० मध्ये अशा एका म्हाताऱ्याची हकिकत लिहिली. कपाळाच्या बाजूच्या लाल, दुखऱ्या रेघांमुळे त्याला टोपीच घालवेना.

दुसरा ताकायासू. तो बहुतेक तरुण स्त्रियांना गाठतो, आणि आशियात, भारतातही, जास्त आढळतो. गंमत म्हणजे त्याला नाव मिळालं नेत्रतज्ज्ञाचं! १९०८ मध्ये जपानच्या मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण सांगितली. त्याच सभेत दोन सहकाऱ्यांनी आपापल्या रुग्णांबद्दल सांगितलं: डोळ्यांत असेच बदल, शिवाय मनगटाला नाडीच लागत नाही.

यकृताची मोजपट्टी

किती चकाकी म्हणजे दाह? शेजारीच यकृत असतं, त्याच्याशी तुलना करायची. धमनी यकृताहून फिकी तर दर्जा १, तेवढीच उजळ तर २, जास्त तर ३. मला ही युक्ती फार आवडते, कारण मोजपट्टी रुग्णाच्या पोटातच आहे. वयाबरोबर धमनीच्या भिंतीत साचलेल्या मेदाच्या थरांतही थोडी साखर शिरते, पण ती ठिपक्याठिपक्यांनी. दाहाची चकाकी सहसा सलग, म्यानासारखी.

मेंदू तर जन्माचाच साखरखाऊ, सदा झगमगणारा. जुन्या यंत्रांना त्याच्या उजेडात कानशिलाची बारीक धमनी दिसतच नसे. नव्या यंत्रांना दिसू लागली आहे.

स्कॅनआधी निदान सहा तास उपाशी राहायचं. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास इथे चालत नाही. फक्त साधं पाणी. खोलीत गारठाही नको, कारण थंडीत मानेजवळची तपकिरी चरबी पेटते आणि साखर खाते.

खरी शर्यत दाह शमवणाऱ्या स्टेरॉइडशी. औषध सुरू झाल्यापासून तीन दिवसांत स्कॅन झाला तर चकाकी बहुधा सापडते. दहा दिवसांनी ती बरीच विझलेली असते. पण डोळे धोक्यात असतील तर गोळी आधी. स्कॅनसाठी ती थांबवायची नाही.

उलटही घडतं. रुग्णाला बरं वाटतंय, रक्ताचे रिपोर्ट ठीक, तरी भिंत तेवत राहते. तो उरलेला दाह आहे की भिंतीची डागडुजी करणाऱ्या पेशींची भूक, हे एका चित्रावरून ठरत नाही. म्हणून नुसती चकाकी पाहून औषध वाढवत नाहीत. आधी रुग्णाला विचारतात, तपासतात, नाडी पाहतात.