वर येणारी काडी

पाण्यावरची काडी बुडाली की मासा लागला, हे आपल्याकडे ओढ्याकाठच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. इंग्लंडमधल्या तळ्यांवर जूनच्या पहाटे गळ टाकून बसलेली माणसं मात्र बरोबर उलट गोष्टीवर डोळा ठेवून असतात. त्यांची काडी बुडत नाही. ती पाण्यातून हळूहळू वर येते, उंच होते आणि आडवी पडते. तळाशी टेंच किंवा ब्रीम जातीचा मासा जेवायला बसल्याची ही खूण.

ती काडी बऱ्याचदा मोरपिसाचा देठ असते. हलका, सरळ आणि भेंडासारखा तरंगणारा. देठ दोऱ्याला फक्त खालच्या टोकाशी अडकवायचा. गळापासून दोन-तीन इंचांवर एक छर्रा बसवायचा आणि तो तळाला टेकू द्यायचा. काठी टेकणीवर ठेवून दोरा ताणला की छऱ्याच्या ओढीने देठ उभा राहतो, टोक जेमतेम पाण्याबाहेर. आता मासा येतो. त्याचं खाणं चिखलात, म्हणून तो डोकं खाली आणि शेपूट वर असा तिरपा होऊन गळाला लावलेला मक्याचा दाणा ओढून घेतो. मग अंग सरळ करतो, आणि गळाबरोबर छर्राही उचलला जातो. देठाला खाली धरणारं वजनच गेलं, तो वर येणार नाही तर काय? सहा फूट गढूळ पाण्याखाली एका माशाने डोकं उचललं, ही बातमी काठावर पोचते ती अशी. एल्सबरीच्या फ्रेड जे. टेलर आणि त्यांच्या भावांनी १९५०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. इतक्या साध्या सामानातून निघालेली इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

पण काडी हलण्याआधीच टेंचने आपला पत्ता दिलेला असतो. पाण्यावर अगदी बारीक बुडबुड्यांचा फेस उमटतो, थांबतो, हातभर पुढे पुन्हा उमटतो. टेंच तळ उकरतो तेव्हा चिखलात कोंडलेला वायू सुटतो. तो माशाच्या कल्ल्यांतून चाळला जातो म्हणून बुडबुडे एवढे बारीक, असं जुने गळकरी सांगतात. बुडबुडे मोठे असले तर खाली बहुधा दुसरंच कुणी आहे. म्हणून सराईत माणूस आधी तासभर नुसता बघत बसतो.

कधी तो त्याहून विचित्र काम करतो. दोरीला बांधलेला लोखंडी दाताळा तळ्यात भिरकावतो आणि शेवाळ, वेली, चिखल सगळं खरवडून काठावर ओढतो. एवढ्या धुडगुसानंतर मासा दिवसभर फिरकणार नाही असं वाटावं. टेंच उलट त्या गढुळाकडेच येतो, कारण तळ ढवळला की त्यातल्या अळ्या, किडे, गोगलगाई उघड्या पडतात.

हाती आलेला टेंच बघण्यासारखा असतो. शेवाळी-सोनेरी अंग, खवले इतके बारीक आणि बुळबुळीत थराखाली इतके दडलेले की ते आहेत हेच कळू नये. डोळे लालबुंद, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक आखूड मिशी. त्या बुळबुळीत थरात औषधी गुण आहे, आजारी मासे टेंचला अंग घासून बरे होतात, अशी समजूत युरोपात जुनी आहे. आयझॅक वॉल्टनच्या १६५३च्या मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तकातही टेंच माशांचा वैद्य आहे, आणि पाइकसारखा खादाड मासाही त्याला मान देतो. प्रत्यक्षात पाइक या वैद्याला बिनदिक्कत गिळतो. थक्क व्हायचं तर दुसऱ्या गोष्टीने व्हावं: टेंचच्या जबड्यात एकही दात नाही आणि पोटात जठर नाही. दात आहेत ते घशात. तिथे भरडलेलं खाणं थेट आतड्यात जातं. ब्रीमचं तसंच, आणि आपल्या रोहू-कटल्याचंही; ही सगळी जवळची भावंडं. यांचा हवेचा फुगा इवल्या हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेला असतो, त्यामुळे ऐकणं फार तिखट. काठावर बूट आपटत चालणाऱ्याकडे बाकीचे गळकरी डोळे वटारतात ते उगाच नव्हे.

टेंच तर आपल्या देशातही येऊन राहिला आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्याला निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडलं.

इंग्लंडमध्ये मात्र सामन आणि ट्राउट ही खानदानी मासळी; टेंच-ब्रीम त्या पंक्तीतले नाहीत. गोड्या पाण्यातल्या बाकी बहुतेक माशांना गळ टाकणं म्हणजे कोर्स फिशिंग, आणि त्यात गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचा भरणा मोठा. या माशांना विणीच्या काळात अभय देणारा कायदा १८७८ साली संसदेत आणला तोही पोलादाच्या शेफील्ड शहराच्या खासदाराने, ए. जे. मंडेला यांनी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जूनची बंदी आजही आहे; बहुतेक तळी १९९५ साली त्यातून सुटली. तरी १६ जूनची पहाट अनेकजण सणासारखी पाळतात. पकडलेला मासा खायचा मात्र नाही. ओल्या गादीवर ठेवून गळ काढायचा आणि पाण्यात सोडायचा. छर्रेही आता शिशाचे नसतात. काठावर सांडलेलं शिसं गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली.

ऊन चढलं की टेंच मंदावतो. ब्रीमची वेळ साधारण संध्याकाळी सुरू होते आणि रात्रभर चालते. हा मासा कळपाने हिंडतो, आणि जेवायला उतरण्याआधी पाण्यावर लोळण घेतो; लांबवर एखादी काळी पाठ वळताना दिसते, मग दुसरी. कळप थांबावा म्हणून त्याला चारा लागतो तोही पसाभर नव्हे, बादलीभर. पोक्त ब्रीम कांस्यरंगी, उंच आणि दोन्ही बाजूंनी चपटा असतो. अंग एवढं उंच, त्यामुळे तळावरचं टिपायला त्याला टेंचहूनही जास्त कलंडावं लागतं. पुन्हा सरळ होताना छर्रा चांगलाच उचलला जातो आणि काडी आणखी ठळकपणे वर येते.

जाळीत आल्यावरही तो ब्रीमच आहे का, हा प्रश्न उरतोच. विणीच्या धांदलीत ब्रीम आणि रोच या दोन माशांचा संकर सहज होतो आणि ती पिल्लं दोघांसारखीही दिसतात. तेव्हा दिव्याच्या उजेडात मासा आडवा धरून शेपटीजवळच्या खालच्या पराचे काटे मोजायचे. वीसच्या बरेच वर गेले तर ब्रीम, दहा-बारावर थांबले तर रोच, आणि पंधरा-सोळा भरले तर दोघांचं लेकरू.