वाटा वाढला म्हणजे धोका वाढला असे नाही

भारतातील एकूण मृत्यूंमध्ये असंसर्गजन्य आजारांचा (एकाकडून दुसऱ्याला न लागणाऱ्या, जसे हृदयविकार, कर्करोग) वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ मध्ये तो ६२ टक्क्यांवर गेला. यावरून प्रत्येक माणसाचा धोकाही तेवढाच वाढला, असा अर्थ अनेकदा काढला जातो. जळगावच्या शेतकऱ्याने दोन एकरांतली कपाशी काढून रान पडीक ठेवले, तर केळीचे एकही खोड न वाढता लागवडीतला केळीचा वाटा वाढतो. इथेही तसेच आहे: अतिसार, क्षय, बाळंतपणातले मृत्यू घटले, माणसे उतारवयापर्यंत पोचली. याच काळात दर लाखामागे कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे २८ टक्क्यांनी वाढले, पण वय-प्रमाणित दर (लोकसंख्येच्या वयातला फरक वगळून काढलेला) जवळपास तिथेच राहिला. मग मधुमेहाची वाढही भासच का? नाही, वय वगळूनही तो खरोखर वाढला आहे. म्हणून प्रत्येक आजार स्वतंत्रपणे पाहावा लागतो. शिवाय देशाच्या सरासरीत सातपुडा दिसत नाही. यावल, चोपडा, शिरपूरच्या पाड्यांवर जाणाऱ्या परिचारिकेला रक्तदाबाच्या यंत्राइतकीच अतिसारावरची ओआरएसची पाकिटेही लागतात.