रनरिग : बेटावरचं रॉक

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात पूर्वी शेत कसण्याची एक रीत होती. गावच्या जमिनीचे अरुंद पट्टे पाडायचे आणि ठरावीक काळानं ते आपापसांत बदलून घ्यायचे, म्हणजे कसदार जमीन कायम एकाच घराकडे राहत नसे. या रीतीचं नाव रनरिग. पुढे जमीनदारांना मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या, कुळांना हुसकावलं गेलं, कित्येक घरं जहाजांत बसून कॅनडाला गेली. रीत संपली. १९७३ साली रोरी आणि कॅलम मॅकडोनाल्ड हे भाऊ आणि त्यांचा मित्र ब्लेअर डग्लस यांनी स्काय बेटावर नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी बँड जमवला, तेव्हा त्यांनी हेच नाव उचललं.

त्यांच्या घरची भाषा गॅलिक. १८७२च्या शिक्षण कायद्यानं या भाषेला शाळेत जागाच ठेवली नव्हती. १९७१च्या जनगणनेत बावन्न लाखांच्या स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे नव्वद हजारांच्या आत होते. गॅलिक गाणी होती, पण ती चर्चमध्ये, स्पर्धेत किंवा आजीच्या तोंडी. १९७८ साली रनरिगनं पहिला अल्बम काढला तो पूर्ण गॅलिकमध्ये. धाडस मोठं होतं. ऐकताना मात्र अजून लोकसंगीताचा अंगरखा जाणवतो. खरा बदल विजेच्या गिटारनं घडवला. माल्कम जोन्स ती अशी वाजवी की मागे बॅगपाइप घुमतोय असं वाटावं, आणि तो बॅगपाइपही वाजवायचा. पुढे डॉनी मन्रोचा भरदार आवाज. १९८७चा ‘द कटर अँड द क्लॅन’ हा माझ्या मते त्यांचा सर्वांत भक्कम अल्बम. त्यानंतर मोठ्या कंपनीशी करार झाला, १९९१ साली लोमंड सरोवराच्या काठी पन्नासेक हजार लोक जमले.

यातली गंमत अशी की ज्या गाण्यानं हा बँड घराघरांत गेला ते ‘लॉक लोमंड’ त्यांचं नव्हे आणि गॅलिकही नव्हे. जुनं पारंपरिक इंग्रजी-स्कॉट्स गाणं. यांनी त्याला संथ सुरुवात दिली, मग ढोल सोडले आणि लोकांनी उड्या मारायच्या. २००७मध्ये फुटबॉलच्या चाहत्यांना सोबत घेऊन केलेली त्याची धर्मादाय आवृत्ती ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेली. आणि जे गॅलिक गाणं १९९५मध्ये पहिल्या वीसांत पोचलं, ते पोचलं बिअरच्या जाहिरातीमुळे! कुणी याला तडजोड म्हणेल. मला ती हिकमत वाटते: इंग्रजी गाण्यांसाठी आलेल्या श्रोत्याला रांगेत दोनचार गॅलिक गाणी ऐकवून परत पाठवायचं. अर्थात भाषा बोलणारे यानं वाढले नाहीत. २०११मध्ये ते सत्तावन्न हजारांवर आले होते. बँडला ते जमण्यासारखं नव्हतंच.

१९९७मध्ये मन्रो लेबर पक्षाकडून संसदेला उभा राहिला, हरला, आणि बँडमधूनही बाहेर पडला. २००१मध्ये कीबोर्ड वाजवणारा पीट विशार्ट स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून निवडून आला आणि खासदारकीतच रमला. एका बँडमधून दोन विरोधी पक्षांचे उमेदवार! मन्रोच्या जागी आला ब्रूस गथ्रो, कॅनडातल्या केप ब्रेटनचा. हुसकावलेली कुळं जिथं जाऊन वसली होती, त्यांतलंच ते एक बेट. जुन्या चाहत्यांना तो पचायला वेळ लागला, तरी २०१८च्या ऑगस्टमध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्याखाली निरोपाच्या दोन रात्री झाल्या तोवर तोच त्यांचा आवाज होता. २०२३मध्ये तो गेला.

एक गोष्ट आपल्याही आठवणीला भिडते. कल्पना चावलासोबत ‘कोलंबिया’ यानात लॉरेल क्लार्क होती. नौदलाच्या नोकरीत ती कधीकाळी स्कॉटलंडमध्ये राहिली होती, आणि रनरिगची सीडी तिनं अंतराळात नेली. एका सकाळी यानातल्या चमूला रनरिगच्याच गाण्यानं उठवलं गेलं. १ फेब्रुवारी २००३ला यान कोसळलं. अवशेषांत ती सीडी सापडली आणि क्लार्कच्या कुटुंबानं ती बँडला दिली. २०१६च्या त्यांच्या शेवटच्या स्टुडिओ अल्बममध्ये तिच्या स्मृतीला वाहिलेलं एक गाणं आहे. गाणं संपत येतं तेव्हा वाद्यांच्या आडून, यानातून बोलणारा तिचा आवाज ऐकू येतो.