डाव्या खांद्याची रायफल

पुण्यातलं कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे. महर्षी कर्व्यांच्या ज्या संस्थेने इथे मुलींच्या शिक्षणाची घडी बसवली, तिनेच पुढे कासार आंबोलीला मुलींची सैनिकी शाळा काढली. मुलीच्या हातात रायफल पाहून आता कोणी दचकत नाही. मात्र ती मुलगी डावखुरी असेल, तर रायफलच अडून बसते.

साध्या बोल्ट रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूला असतो. उजवा नेमबाज चापावरचा हात काढतो, बोल्ट ओढतो, पुंगळी उजवीकडे उडते आणि गाल दस्त्यावर तसाच राहतो. डावखुऱ्याला मात्र चापावरचा डावा हात दुर्बिणीवरून पलीकडे न्यावा लागतो. तेवढ्यात गाल हलतो, नेम मोडतो. दस्त्याचा बाक आणि मुठीचे खाचखळगेही उलट्या हातासाठी घडवलेले.

जंगलात जनावर समोर असताना दुसरी गोळी झटपट मारायची तर ही अडचण जास्तच बोचते. म्हणून टिक्का, सॅव्हेज, ब्राउनिंग यांनी डाव्या बोल्टच्या शिकारी रायफली काढल्या. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने शौकाची शिकार संपवली. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर-रोह्यांपुरती वनखात्याची परवानगी उरली. परवानाधारकांच्या ओळखीची इशापूरची .३१५ बोअर रायफलही उजव्या बोल्टचीच.

त्यामुळे पुण्यात डाव्या रायफलीचा शोध रानात नव्हे, बालेवाडीच्या रेंजवर संपतो. इथेच सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. या प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या झाडायच्या असतात. पालथं पडून, दंडाला पट्टा आवळलेला असताना बोल्टसाठी दर वेळी शरीर वळवावं लागलं, तर घेतलेली बैठक पुन्हा जमवावी लागते.

एअर रायफलला पुंगळी नसते. तरी छर्रा भरायचा लिव्हर आणि गालाचा टेकू कोणत्या बाजूला आहे, हे पाहावंच लागतं. अन्शुट्झ, वाल्थर, फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपन्या डाव्या रायफली बनवतात. जाकीटही डावंच हवं. खांद्यावरचं आणि कोपराचं अस्तर बाजू बदलतं.

पण एवढा खर्च करण्याआधी डोळा तपासावा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवायची आणि तिच्यातून दूरचा दिवा पाहायचा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला दिवा फटीतच दिसत राहतो, तो आपला नेमाचा डोळा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीचा डोळा उजवा निघाला, तर नवशिकेपणीच तिला उजव्या खांद्यावर शिकवून पाहता येतं; क्लबची उजवी रायफलही चालून जाते. हात आणि डोळा दोन्ही डावे असतील, तर मात्र उजव्या रायफलीशी झगडण्यात वर्षं घालवू नयेत. लेखणी उजव्या हातात कोंबायची घरोघरची जुनी सक्ती रेंजवर नेण्यापेक्षा डाव्या दस्त्यासाठी थोडं थांबलेलं बरं.